बर्फावरील हॉकीच्या आद्यकालीन स्मृतिवस्तू : संग्रह आणि पुरावा

खेळाचा इतिहास लिहू पाहणाऱ्यास आरंभीच एक अडचण जाणवते. राज्यकारभाराची दप्तरे राहतात, देवस्थानांचे दानलेख राहतात, व्यापाऱ्यांच्या वह्याही पुष्कळदा राहतात. परंतु खेळ हा संपताक्षणीच नाहीसा होणारा व्यवहार असल्यामुळे त्याचे साहित्य सहसा कोणी जपून ठेवीत नाही. मोडलेली काठी सरपणात जाते, झिजलेला पोशाख धाकट्या भावाच्या अंगावर चढतो, आणि सामन्याची हकीगत छापलेले वृत्तपत्र दुसऱ्या दिवशी रद्दीत पडते. पुढे दोन-तीन पिढ्यांनी त्या खेळाला राष्ट्रीय अभिमानाचे स्थान प्राप्त झाले, म्हणजे याच टाकाऊ वस्तूंचा शोध सुरू होतो व त्यांना मोठी किंमत येते. कॅनडातील बर्फावरील हॉकी हे या प्रक्रियेचे एक बोलके उदाहरण होय.

आपल्याकडे हॉकी म्हटले म्हणजे मैदानावरील हॉकीच डोळ्यांपुढे येते. लडाखसारखा थंड प्रदेश सोडल्यास बर्फावरील हॉकीचा परिचय भारतात फारसा नाही. पायांत पोलादी पात्यांचे स्केट चढवून गोठलेल्या पृष्ठभागावर हा खेळ खेळतात. त्यात चेंडू नसतो. कठीण रबराची, तीन इंच व्यासाची व एक इंच जाडीची चकती असते. या खेळाच्या आद्यकालीन वस्तूंचा संग्रह कसा होतो, त्यांच्यावरून काय सिद्ध होते आणि काय होत नाही, याचा विचार येथे करावयाचा आहे.

१. आरंभाचा प्रश्न

संघटित स्वरूपाच्या बर्फावरील हॉकीचा आरंभ सामान्यतः ३ मार्च १८७५ या दिवसापासून मोजला जातो. त्या दिवशी मॉन्ट्रियल येथील व्हिक्टोरिया स्केटिंग रिंक या छपराखालील जागेत नऊ-नऊ खेळाडूंच्या दोन संघांमध्ये सामना झाला. त्याच्या आयोजनात जेम्स क्राइटन यांचा पुढाकार होता. प्रेक्षकांना इजा होऊ नये म्हणून चेंडूऐवजी लाकडाची सपाट वाटोळी चकती वापरली जाईल, असे ‘मॉन्ट्रियल गॅझेट’ने त्याच दिवशी जाहीर केले होते. क्राइटन यांच्या बाजूने सामना जिंकला. त्यानंतर रिंकवर हाणामारी होऊन बाके मोडली, असे किंग्स्टनच्या एका वृत्तपत्राने लिहिले. १८७७ मध्ये खेळाचे नियमही ‘गॅझेट’मध्येच प्रसिद्ध झाले. या सामन्याविषयी खात्रीने जे सांगता येते, त्याचा मुख्य आधार कोणतीही काठी किंवा चकती नसून वृत्तपत्राचे काही रकाने आहेत, ही गोष्ट प्रथमच ध्यानात घेतली पाहिजे.

मात्र मॉन्ट्रियलपूर्वी हा खेळ नव्हता, असे यावरून ठरत नाही. ध्रुवप्रदेशाचे संशोधक सर जॉन फ्रँकलिन यांनी १८२५ च्या हिवाळ्याच्या तोंडी कॅनडाच्या वायव्येकडील ग्रेट बेअर सरोवराच्या काठावरून लिहिलेल्या पत्रात, आपली माणसे सकाळी बर्फावर हॉकी खेळत असल्याचा उल्लेख केला आहे. त्यांनी स्केट घातले होते की नाही, हे मात्र तेथे सांगितलेले नाही. चार्ल्स डार्विन यांनी १८५३ मध्ये आपल्या मुलास लिहिलेल्या पत्रात, लहानपणी स्केट घालून बर्फावर हॉकी खेळण्याची आपणास अतिशय आवड होती, असे लिहिले आहे. डार्विन यांचे बालपण इंग्लंडातील श्रूझबरी येथे गेले. अर्थात एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या चतुर्थकात इंग्लंडातही हा खेळ ठाऊक होता, हे यावरून दिसते.

ही दोन्ही पत्रे हॉकीच्या प्रेमामुळे राहिलेली नाहीत. एक ध्रुवप्रदेशाच्या शोधाचा वृत्तांत म्हणून राहिले, दुसरे एका थोर निसर्गशास्त्रज्ञाचे हस्ताक्षर म्हणून. खेळाचा उत्तम पुरावा अनेकदा खेळाच्या संग्रहाबाहेरच सापडतो, हे संशोधकाने व संग्राहकाने दोघांनीही लक्षात ठेवण्याजोगे आहे.

२. काठी : लाकूड काय सांगते

संग्राहकांच्या दृष्टीने काठीला सर्वांत मोठा मान आहे. आद्यकालीन काठ्या एकाच लाकडातून कोरलेल्या असत. नोव्हा स्कोशिया प्रांतातील मिकमॅक आदिवासी या कामात विशेष निष्णात होते. झाडाच्या मुळाशी खोडाला जो नैसर्गिक बाक येतो, तो हेरून ते काठीचे पाते घडवीत. त्यामुळे लाकडाची नस न तुटता दांड्यातून पात्यात उतरे व काठी सहसा मोडत नसे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अशा काठ्या ‘मिकमॅक’ याच नावाने बाजारात विकल्या जात. पुढे दांडा व पाते वेगवेगळे करून जोडण्याची पद्धत रूढ झाली आणि एकसंध काठी मागे पडली. म्हणून काठी एकसंध आहे की जोडलेली, हा तिचे वय ठरविताना विचारावयाचा पहिला प्रश्न होय. तथापि हा प्रश्न स्थूल आहे. त्याने कालखंड कळतो, वर्ष कळत नाही.

या बाबतीत मोफट काठीचा इतिहास उद्बोधक आहे. ही काठी नोव्हा स्कोशियातील केप ब्रेटन बेटावर एका न्हाव्याच्या दुकानात वर्षानुवर्षे होती. २००८ मध्ये एका संग्राहकाने ती १,००० डॉलरना विकत घेतली. काठी साखर-मेपल या झाडाच्या एकाच तुकड्यातून कोरलेली असून तिच्या पात्यावर दोन आद्याक्षरे खोदलेली आहेत. नव्या मालकाने ती लगेच विकली नाही. ती मूळची कोणत्या घराण्याची, आद्याक्षरे कोणाची, ते कुटुंब कोणत्या तळ्याकाठी राहत होते, याचा त्याने शोध केला. आणि लाकूड वृक्षवलयांच्या अभ्यासकांकडे तपासणीस दिले. झाडाच्या खोडात दरवर्षी एक वलय पडते व त्या वर्षीच्या हवामानाप्रमाणे ते रुंद किंवा अरुंद होते. ज्ञात कालातील लाकडांच्या वलयांशी तुलना केली असता नमुन्याचा काल ठरविता येतो. या परीक्षेतून व कुटुंबाच्या माहितीतून काठी १८३० ते १८४० या दशकाच्या उत्तरार्धातील असल्याचा निष्कर्ष निघाला. २०१५ मध्ये कॅनडाच्या राष्ट्रीय इतिहास संग्रहालयाने ती ३,००,००० डॉलरना विकत घेतली.

सात वर्षांत एका वस्तूची किंमत तीनशे पट झाली. वस्तू तीच होती, लाकूडही तेच. मग वाढले ते काय? वाढली ती तिची पूर्वपीठिका. दुकानाच्या भिंतीवर ती एक जुनी वाकडी काठी होती. संग्रहालयात ती एका कुटुंबाची, एका तळ्याची व एका दशकाची काठी झाली. संग्राहकाने दिलेला खरा मोबदला पैशाचा नसून शोधाचा होता, असे म्हणावयास हरकत नाही.

तरीही पुराव्याच्या मर्यादा विसरून चालणार नाही. वृक्षवलयांवरून लाकडाचे वय कळते. त्या लाकडाने कोणता खेळ खेळला गेला, हे कळत नाही. आयर्लंडातील हर्लिंग, स्कॉटलंडातील शिंटी व इंग्लंडातील मैदानी हॉकी हे वाकड्या काठीचेच खेळ, आणि त्या त्या देशांचे लोक नोव्हा स्कोशियात वसाहत करून राहिले होते. काठीचा उपयोग बर्फावर झाला, हे विधान कुटुंबाच्या आठवणी, स्थानिक परिस्थिती व समकालीन उल्लेख यांच्या आधारावर उभे आहे. आधार सबळ आहे. परंतु तो काठीच्या बाहेरचा आहे.

३. चकती आणि स्केट

चकतीच्या बाबतीत अडचण याहून मोठी. रबराच्या तुकड्यावर सहसा नाव नसते, तारीख नसते. ऑन्टारिओतील किंग्स्टन येथे क्वीन्स विद्यापीठ आणि रॉयल मिलिटरी कॉलेज यांच्यात १८८६ मध्ये झालेल्या सामन्याची म्हणून जपलेली चकती चौकोनी आहे. लॅक्रॉस या खेळाचा रबरी चेंडू कापून ती केलेली होती. ती सामन्याच्या स्मृतीसह जपली गेली, म्हणूनच आज तिला अर्थ आहे. तेवढाच रबराचा चौकोनी तुकडा एखाद्या जुन्या पेटीत सुटा सापडला असता, तर तो कोणी उचलूनही पाहिला नसता.

स्केटचे तसे नाही. नोव्हा स्कोशियातील डार्टमथ येथील स्टार कंपनीने १८६० नंतरच्या दशकात जॉन फोर्ब्स यांच्या शोधानुसार असे स्केट काढले, की जे एका तरफेच्या साह्याने नेहमीच्या बुटांवर घट्ट बसत. त्यापूर्वी पट्टे व स्क्रू यांचा खटाटोप करावा लागे आणि खेळाच्या धावपळीत स्केट वारंवार सुटत. एकाएकी वळणे, थांबणे व पुन्हा धावणे ज्या खेळात पदोपदी येते, त्याच्या वाढीस हा शोध किती उपकारक झाला असेल, हे सांगावयास नको. धातूच्या अशा वस्तूंवर कारखान्याचे नाव व हक्काची नोंद ठोकलेली असते. त्यामुळे कालनिर्णय पुष्कळ सुलभ होतो. विशेष म्हणजे अशा स्केटची संख्या मोठी असल्यामुळे त्यांची किंमत माफक राहिली आहे. खेळ कसा घडत गेला, हे समजून घेण्यास मात्र त्यांचा उपयोग एखाद्या लाखमोलाच्या काठीइतकाच आहे. दुर्मिळता आणि महत्त्व या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे यावरून स्पष्ट व्हावे.

४. छायाचित्रांचा साक्षेप

छायाचित्र म्हणजे निर्विवाद पुरावा, असा सामान्य समज आहे. मॉन्ट्रियल येथील विल्यम नॉटमन यांच्या चित्रशाळेची कामगिरी या समजाला धक्का देते. एकोणिसाव्या शतकातील कॅमेऱ्याला वेगाने हालणारी माणसे, त्यातून बंदिस्त रिंकच्या अंधुक प्रकाशात, टिपता येत नसत. म्हणून नॉटमन यांच्या चित्रशाळेत खेळाडूंना एकेक करून बोलावीत. ठरलेल्या आविर्भावात उभे करून त्यांची छायाचित्रे घेत. मग ती कापून रंगविलेल्या पार्श्वभूमीवर चिकटवीत आणि त्या संपूर्ण चित्राचे पुन्हा छायाचित्र काढीत. अशा रीतीने तयार झालेल्या देखाव्यात प्रत्येक चेहरा खरा असतो, परंतु तो क्षण कधीच घडलेला नसतो.

याचा अर्थ ही चित्रे निरुपयोगी आहेत असा नव्हे. पोशाखाची ठेवण, काठीची लांबी, बुटांचा आकार, पायांवरील संरक्षक, ही माहिती त्यांतून विश्वसनीयपणे मिळते. खेळाडू मैदानावर कसे पसरत, चकतीभोवती किती गर्दी होत असे, हे मात्र त्यांवरून ठरवू नये. नॉटमन चित्रशाळेचा विशाल संग्रह मॉन्ट्रियलच्या मकॉर्ड संग्रहालयात सुरक्षित आहे. आणि चित्रशाळेच्या नोंदींसह तो एकत्र राहिला, हेच त्याचे खरे मोल आहे.

५. सिगारेटच्या पाकिटातील चित्रे

आद्यकालीन स्मृतिवस्तूंत सर्वाधिक संग्राहक ज्यांच्यामागे आहेत, त्या वस्तू आकाराने सर्वांत लहान आहेत. १९१० ते १९१३ या तीन हंगामांत कॅनडात सिगारेटच्या पाकिटांतून हॉकीपटूंची छोटी चित्रे देण्यात आली. पहिल्या संचात ३६, दुसऱ्यात ४५ व तिसऱ्यात ५० चित्रे होती. दुसऱ्या संचातील रंगीत चित्रे विशेष देखणी असून त्यांतच मॉन्ट्रियल कॅनेडियन्स संघाचा प्रख्यात गोलरक्षक जॉर्ज व्हेझिना याचे चित्र आहे. संग्राहक या संचांना अनुक्रमे सी ५६, सी ५५ व सी ५७ असे म्हणतात. ही नावे कारखान्याने दिलेली नाहीत; ती जेफरसन बर्डिक या अमेरिकन संग्राहकाच्या सूचीतून आलेली आहेत.

बर्डिक यांची हकीगत संग्रहाच्या नीतीचा विचार करणाऱ्याने जाणून घ्यावी अशी आहे. संधिवाताने शरीर जखडलेले असताना त्यांनी तीन लाखांहून अधिक छापील चित्रे जमविली, त्यांची वर्गवारी केली, आणि सारा संग्रह न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन कलासंग्रहालयास दिला. तेथे वर्षानुवर्षे जाऊन त्यांनी ती चित्रे स्वतः वह्यांत चिकटविली. १९६३ च्या आरंभी हे काम पुरे झाले आणि त्याच वर्षी त्यांचे निधन झाले. त्यांनी मागे ठेवलेली सर्वांत टिकाऊ गोष्ट चित्रांपेक्षाही सूची होय; कारण जगभरच्या संग्राहकांना परस्परांशी बोलण्याची भाषा तिने दिली.

दुर्मिळता कशी निर्माण होते, हेही या चित्रांवरून कळते. १९२३-२४ मध्ये ऑन्टारिओतील विल्यम पॅटर्सन या मिठाईच्या कारखान्याने ४० चित्रांचा संच काढला. त्यातील बर्ट कॉर्बो या खेळाडूचे चित्र अगदी थोडे छापले गेले. पुढल्याच हंगामात मॉन्ट्रियलच्या मेपल क्रिस्पेट कंपनीच्या ३० चित्रांच्या संचात स्प्रेग क्लेगहॉर्न याच्या चित्राबाबत तेच घडले. संपूर्ण संच परत पाठविणाऱ्यास स्केटची जोडी मिळावयाची होती. शेवटचे एक चित्र दुर्मिळ ठेवले, की मुले मिठाई विकत घेत राहत आणि स्केट मात्र थोडेच द्यावे लागत. आज ज्या चित्रासाठी संग्राहक हजारो डॉलर मोजतात, त्याच्या दुर्मिळतेच्या मुळाशी अनेक मुलांची निराशा आहे. हे त्या चित्राच्या इतिहासातून वगळता येणार नाही.

किंमत वाढली की बनावट आलीच. या चित्रांच्या प्रतिकृती पुढे पुष्कळ निघाल्या. काही प्रामाणिकपणे प्रतिकृती म्हणून, काही नाही. परीक्षेचे उपाय सोपे आहेत. भिंगाखाली जुन्या शिळाछापाचे ठिपके अनियमित दिसतात, तर आधुनिक छपाईत ते एकसारख्या ओळींत बसलेले आढळतात. दुसऱ्या महायुद्धानंतर कागद शुभ्र दिसावा म्हणून त्यात अशी रसायने घालू लागले, की जी अतिनील प्रकाशात निळसर चमकतात. १९११ चा कागद तसा चमकत नाही. झिजलेल्या कडा कापून चित्र नवे भासविण्याची लबाडी मोजपट्टीने उघडकीस येते.

६. पोशाख व त्याची शोकांतिका

लोकरीचे जुने पोशाख फार थोडे उरले आहेत. काही कसरीने खाल्ले, काही पुन्हा वापरून फाटले. १९११-१२ च्या सुमारास पाठीवर क्रमांक घालण्याची प्रथा सुरू होण्यापूर्वीचा पोशाख एखाद्या विशिष्ट खेळाडूचा म्हणून सिद्ध करणे फारच कठीण असते. अशा वेळी समकालीन छायाचित्रातील ठिगळ, शिवण किंवा डाग प्रत्यक्ष वस्तूशी ताडून पाहावा लागतो. म्हणजे कापड धुतले, ठिगळ काढले, शिवण दुरुस्त केली, की पुरावाच नाहीसा होतो. संग्राहकाची स्वच्छतेची हौस येथे कसरीपेक्षाही घातक ठरते.

याहून गंभीर प्रसंग जॉर्ज व्हेझिना याच्या वस्तूंवर ओढवला. १९१० पासून तो कॅनेडियन्सचा गोल राखीत होता. २८ नोव्हेंबर १९२५ रोजी क्षयाने जर्जर झालेल्या स्थितीत त्याला सामना अर्धवट सोडावा लागला व २७ मार्च १९२६ रोजी तो मरण पावला. तोवर त्याने आपल्या संघाचा एकही सामना चुकविला नव्हता. त्याचे म्हणून ओळखले जाणारे पायांचे संरक्षक एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात चित्रे छापणाऱ्या एका कंपनीने विकत घेतले, त्यांचे बारीक तुकडे केले, आणि एकेक तुकडा नव्या चित्रात बसवून विकला. अनेक संग्राहकांनी व इतिहासप्रेमींनी याचा तीव्र निषेध केला. कंपनीच्या पक्षाचे म्हणणे असे, की यायोगे एका धनिकाच्या कपाटात राहिली असती ती वस्तू अनेक सामान्य चाहत्यांच्या हाती पोहोचली.

या युक्तिवादाला वरवर लोकशाहीचा रंग आहे; परंतु तो टिकत नाही. संरक्षकांची लांबी, शिलाई, आतील भरण, चकतीच्या माराने पडलेल्या खुणा, यांवरून एका महान गोलरक्षकाच्या खेळाविषयी काही प्रश्न विचारता आले असते. चामड्याच्या नखाएवढ्या तुकड्यास कोणताही प्रश्न विचारता येत नाही. अनेकांच्या हाती जे पोहोचले, ते व्हेझिनाचे संरक्षक नव्हेतच. ते संरक्षक होते याची केवळ आठवण आहे. ग्रंथाची पाने फाडून गावभर वाटल्याने वाचकांची संख्या वाढत नाही.

७. चषक व संग्रहालय

याच्या उलट उदाहरण स्टॅन्ले चषकाचे. कॅनडाचे गव्हर्नर-जनरल लॉर्ड स्टॅन्ले यांनी १८९२ मध्ये देऊ केलेले हे रुपेरी पात्र दहा गिनींना घेतलेले व सुमारे सव्वासात इंच उंचीचे आहे. १८९३ मध्ये ते प्रथम मॉन्ट्रियलच्या संघास मिळाले. विजेत्यांनी त्यावर आपली नावे खोदली. १९०७ मध्ये मॉन्ट्रियल वॉन्डरर्सच्या खेळाडूंनी तर ती पात्राच्या आतील बाजूस खोदविली. ओटावाच्या खेळाडूंनी ते एकदा रिडो कालव्यात लाथाडले, अशीही आख्यायिका आहे. चांदी ठिसूळ झाल्यामुळे १९७० च्या सुमारास मूळ पात्र वापरातून काढण्यात आले. विजेत्यांना दिला जाणारा चषक १९६३ मध्ये घडविलेला असून त्याची प्रतिकृती १९९३ ची आहे. मूळ पात्र टोरोंटो येथील हॉकी हॉल ऑफ फेम या संस्थेत पाहावयास मिळते. कोणते पात्र कोणत्या वर्षीचे, हे येथे उघडपणे सांगितलेले असल्यामुळे प्रतिकृतीदेखील खोटी ठरत नाही. खोटेपणा वस्तूत नसतो, तिच्याविषयी केलेल्या विधानात असतो.

संग्रहालये तरी पक्षपातापासून मुक्त असतात असे नाही. हॉकी हॉल ऑफ फेमची स्थापना १९४३ मध्ये झाली, ती किंग्स्टनसाठी. कारण हा खेळ किंग्स्टन येथेच जन्मला, असे तिचे पुरस्कर्ते जेम्स सदरलँड यांचे ठाम मत होते. पुढे इमारतीचे काम रखडले आणि १९६१ मध्ये संस्थेचे संग्रहालय टोरोंटो येथे उघडले. नोव्हा स्कोशियातील विंडसर, किंग्स्टन व मॉन्ट्रियल यांचा जन्मस्थानाचा वाद मात्र चालूच राहिला. प्रत्येक पक्षाने आपल्या दाव्यास पोषक अशा वस्तू प्रेमाने जपल्या. या ईर्षेमुळे पुष्कळ वस्तू वाचल्या, हे मान्य केले पाहिजे. परंतु वस्तू जपणारा हात आणि निर्णय देणारे डोके ही दोन्ही एकाच पक्षाची असू नयेत, हेही तितकेच खरे.

८. समारोप

वरील विवेचनावरून एक गोष्ट स्पष्ट होते. आद्यकालीन स्मृतिवस्तू स्वतः फार थोडे बोलते; तिच्याबरोबर जे आलेले असते, तेच तिला बोलते करते. कोणाकडून मिळाली, कोठे होती, कोणी कोणती आठवण सांगितली, सोबत कोणता कागद होता, या गोष्टी लिहून ठेवावयास खर्च लागत नाही, आणि एकदा त्या हरवल्या तर कितीही पैशाने परत मिळत नाहीत. म्हणून वस्तू स्वच्छ करण्यापूर्वी तिची नोंद करावी. संच फोडण्यापूर्वी त्याचे चित्र घ्यावे. विक्री करताना पूर्वपीठिकेचा कागद वस्तूबरोबरच द्यावा.

केप ब्रेटनच्या त्या दुकानात गिऱ्हाइके येत, केस कापून घेत आणि जात. काठी त्यांच्या नजरेसमोरच होती. ती कोणाची, हा प्रश्न विचारणारा एक मनुष्य आला, आणि उत्तर देऊ शकणारी माणसे व कागद तोवर शिल्लक होते, यामुळे ती इतिहासात आली. आणखी एक पिढी लोटली असती, तर लाकूड तेवढे उरले असते.